दोनशे बारा डॉलर

पिजन फोर्कच्या खोऱ्यात आमच्या एकशे सहा नळजोडण्या,
एक विहीर, टेकडीवर एक टाकी,
आणि कार्यालय म्हणजे बंद पडलेल्या शाळेतली
मुख्याध्यापकांची खोली.
भिंतीवर अजून घंटेचं वेळापत्रक आहे.
कारकून मी, वसुली मी, मीटर वाचणारीही मीच.
बाकीचं सगळं व्हर्लिन स्टिडहॅम आणि त्याचा पाना.

पाइप घातले ते कोळसा कंपनीनं, अठ्ठावन्न साली.
कंपनी गेली. पाइप राहिले.
पंपानं शंभर गॅलन उचलले
की घरांत पोचतात एकोणचाळीस.
आमच्या हिशेबात खरोखरच पाणी मुरतंय कुठंतरी.
रात्री दोनला, सगळे नळ झोपल्यावर,
व्हर्लिन लोखंडी सळई रस्त्याला टेकवतो,
दुसरं टोक कानाला,
आणि डोळे मिटून उभा राहतो,
आजाऱ्याच्या छातीवर कान ठेवल्यासारखा.

राज्य सरकारची मदत आहे. अर्ज बेचाळीस पानांचा.
पान एकतीस: गावाचं मध्यक उत्पन्न.
रेषेच्या खाली असाल तर अनुदान,
वर असाल तर कर्ज, अडतीस वर्षांचं.
म्हणजे सगळी घरं गरिबीच्या क्रमानं रांगेत उभी करायची
आणि बरोब्बर मधल्याला विचारायचं,
बाबा रे, तुझं किती?

ऑक्टोबरभर मी दारं वाजवत फिरले.
डेल्फिया नेपियरनं चष्मा पुसला,
पेन्शनचा आकडा लिहिला, आणि त्याखाली
शिवणकामाचे चार हजार.
तिचं मशीन मला माहीत आहे.
त्यावर जिरेनियमच्या कुंड्या असतात.
आर्लीनं खाणीतला जुना पगार लिहिला,
ज्या खाणीनं त्याची फुफ्फुसं ठेवून घेतली.
ओमा म्हणाली, "हे वाचणार कोण?"
"राजधानीतले लोक."
"मग थांब जरा." तिनं आकडा खोडला, मोठा केला,
पाहुणे येणार म्हणून चादर बदलावी तसा.

जानेवारीत पत्र आलं.
रेषेच्या वर आहात.
दोनशे बारा डॉलरनं.

त्याच आठवड्यात दारांवर पुन्हा पाटी ठोकली:
पाणी उकळून प्या.
खिळ्यांची भोकं होतीच.

बैठक शाळेच्या जेवणघरात झाली.
पहिलीच्या पोरांचे बाक, म्हाताऱ्यांचे गुडघे हनुवटीला.
मी सांगितलं, फेरपाहणी मागता येते. नियम आहे.
फक्त खरं लिहायचं.
कुणी बोलेना. कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं,
बाटलीतल्या विकतच्या पाण्यावर.

अभिमानावर पाणी सोडल्याशिवाय नळाला पाणी येणार नाही,
हे मला म्हणायचं होतं.
पण जी माणसं आयुष्यभर
किराणा उधार मागायच्या आधी
केस विंचरून गेली,
त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून कोरा फॉर्म काढला आणि मोठ्यानं वाचत
स्वतःचाच भरला.
"वर्षाला अकरा हजार चारशे."
ऑक्टोबरात मी चौदा लिहिले होते.

बराच वेळ गेला.
मग मागच्या बाकावरून डेल्फिया:
"माझं शिवणकाम काढून टाक."
आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना,
"कुंड्यांना ती जागा बरी आहे. ऊन येतं."

आर्लीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली,
पेन मागितलं.
एकशे सहापैकी त्या रात्री एकसष्ट भरले.
उरलेल्यांकडं उद्यापासून जायचंय,
ओमाकडं सगळ्यात शेवटी.

निघताना व्हर्लिननं शाळेच्या फाटकाशी थांबवलं,
सळई माझ्या हातात दिली.
"ऐक."
मी कान लावला.
खूप खाली, डांबराच्या, मातीच्या, चिखलाच्या खाली,
काहीतरी सतत जात होतं,
न थांबता, कुणालाही न सांगता.
"किती आहे?" मी विचारलं.
तो म्हणाला, "खरं सांगू?"